कर्णधारपदाच्या नोंदी : जून २०२४ ते एप्रिल २०२५

१२ जून २०२४

कर्णधाराने नेमके काय करायचे, हे आमच्या जलतरण क्लबमध्ये आजवर कधीच कागदावर नव्हते. जो सर्वांत वेगवान तो कर्णधार, आणि संचलनात झेंडा धरणे व बक्षीस समारंभात ढाल स्वीकारणे एवढेच त्याचे काम, असा रिवाज चालत आला होता. या वर्षी कार्यकारिणीने हे बदलायचे ठरवले आहे. वर्षअखेरीस कर्णधाराच्या कामांचे एक पानी टिपण तयार व्हावे आणि त्यासाठी कर्णधाराने वर्षभर नोंदी ठेवाव्यात, असा हा प्रकल्प आहे. निवड माझी झाली. मी दोनशे मीटर ब्रेस्ट स्ट्रोक पोहते आणि क्लबमध्ये माझ्याहून वेगवान मुली आहेत, तेव्हा निवडीचा निकष वेग नव्हता एवढे उघड आहे. आमच्या प्रशिक्षक सरांना मी कारण विचारले नाही आणि त्यांनीही ते सांगितले नाही.

सुरुवात नियमांपासून केली. जागतिक संघटनेच्या पोहण्याच्या नियमांत रेफरी, स्टार्टर, स्ट्रोक तपासणारे, टर्न तपासणारे अशा सगळ्यांची कामे सविस्तर दिली आहेत. कर्णधाराचे मात्र त्यांत कुठे काम नाही. तक्रार नोंदवायची असेल तर ती शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, लेखी आणि अनामत रकमेसह द्यावी लागते, आणि तीही संघाच्या जबाबदार प्रमुखाने, म्हणजे आपल्याकडे व्यवस्थापकाने. वॉटर पोलोची गोष्ट निराळी आहे. तिथे कर्णधार हा प्रत्यक्ष खेळणारा खेळाडूच असला पाहिजे आणि संघाच्या वर्तनाची व शिस्तीची जबाबदारी त्याच्यावर राहील, असे नियमच सांगतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. पाण्यात सात जण एकमेकांना चेंडू देत असतात तेव्हा कुणीतरी त्यांना बांधून ठेवावे लागते. शर्यतीत मात्र प्रत्येक जण आपल्या अडीच मीटर रुंदीच्या लेनमध्ये एकटाच असतो आणि त्याचे डोके पाण्याखाली असल्यामुळे काठावरून कितीही ओरडले तरी ते त्याच्या कानांपर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणजे या टिपणात जे काही लिहायचे आहे ते शर्यतीच्या आधीचे आणि नंतरचे असणार.

२६ जून २०२४

पहिले दोन आठवडे लेनच्या व्यवस्थेत गेले, आणि हा विषय वाटला होता त्यापेक्षा बराच खोल निघाला.

आमचा तलाव पंचवीस मीटरचा आणि सहा लेनचा आहे. एका लेनमध्ये पाच-सहा जण पोहतात, म्हणून तळाच्या काळ्या रेषेच्या उजव्या बाजूने जायचे आणि परततानाही आपल्या उजव्या बाजूनेच यायचे, पुढच्यानंतर पाच सेकंदांनी सुटायचे, मागच्याने पायाला हात लावला तर पुढची भिंत आल्यावर कोपऱ्यात थांबून त्याला वाट द्यायची, हे नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत. प्रश्न नियमांचा नसून क्रमाचा होता. तिसऱ्या लेनमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा पुढे असायचा आणि त्याच्यामागे तेरा वर्षांची एक मुलगी. फ्री स्टाइलमध्ये ती त्याच्याहून स्पष्टपणे वेगवान आहे, पण तो मोठा, जुना आणि उंच असल्यामुळे पुढे कोण हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नव्हता. शंभर मीटरचे आठ फेरे लावले की तिसऱ्या फेरीपासून ती त्याच्या पायांवर येई, हात आखडता घेई, आणि तिच्या मागचे तिघे एकमेकांवर आदळत.

मी क्रम बदलला. मुलगा काहीच बोलला नाही. मात्र पुढचे दोन दिवस तो वॉर्म-अप संपल्यावर आला आणि मुद्दाम शेवटून पोहला. तिसऱ्या दिवशी मी त्याच लेनमध्ये त्याच्या मागे पोहले. तेव्हा लक्षात आले की किकबोर्ड घेऊन नुसत्या पायांनी जाताना त्याला लेनमधले कुणीच गाठू शकत नाही. आता पायांच्या फेऱ्यांना तो पुढे असतो, हातांच्या फेऱ्यांना ती, आणि बॅक स्ट्रोकला तिसराच एक जण. ही यादी मी दर सोमवारी काठावरच्या फळ्यावर लिहिते. त्यात वयाचा कुठेही उल्लेख नसतो, आणि तो का नसतो हे मला कुणाला समजावून सांगावे लागलेले नाही.

लहान मुलांना घड्याळ शिकवणे हे यातूनच निघालेले दुसरे काम. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा लाल काटा साठ सेकंदांत एक वेढा पूर्ण करतो. दोन मिनिटांच्या अंतराने फेरे असतील तर सुटण्याची वेळ प्रत्येक वेळी तीच येते, त्यामुळे मुलांना विचार करावा लागत नाही. पावणेदोन मिनिटांच्या फेऱ्यांत मात्र ती साठ, पंचेचाळीस, तीस, पंधरा अशी मागे सरकत जाते, आणि लेनमध्ये तिसरा असेल तर त्यात स्वतःचे दहा सेकंद मिळवावे लागतात. दहा वर्षांच्या मुलाला धापा टाकताना हा हिशेब करायला लावणे क्रूरपणाचे आहे, असे एका पालकांनी मला सुनावले. त्यांच्याच मुलाने गेल्या आठवड्यात संपूर्ण लेन चुकीच्या वेळी सुटताना थांबवली.

५ ऑगस्ट २०२४

पॅरिस ऑलिम्पिकमधली तलावातली पोहण्याची स्पर्धा काल संपली. आज सकाळी पाण्यात उतरायला कुणी तयार नव्हते, सगळ्यांना बोलायचे होते. भारताकडून श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू असे दोघेच जलतरणात होते, आणि दोघांचीही वाटचाल प्राथमिक फेरीतच थांबली. आमच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटत नव्हता. आपल्याच वयाची मुलगी ऑलिम्पिकच्या ब्लॉकवर, म्हणजे शर्यत सुरू करण्याच्या चौथऱ्यावर, उभी राहिली, एवढेच त्या पुन्हा पुन्हा बोलत होत्या.

मला स्वतःला पुरुषांच्या ४ बाय १०० मीटर मेडले रिलेविषयी, म्हणजे चौघांनी एकामागून एक चार वेगवेगळ्या प्रकारांनी पोहायच्या शर्यतीविषयी, बोलायचे होते. ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९६० पासून आहे आणि अमेरिकेने बहिष्कार टाकलेले १९८० चे मॉस्को वगळता ती प्रत्येक वेळी अमेरिकेनेच जिंकली होती. काल चीनने ती जिंकली. शेवटच्या टप्प्याला त्यांचा पान झानल मागून निघाला आणि ४५.९२ सेकंदांत शंभर मीटर पोहून पुढे गेला. मुलांना तो आकडाच दिसतो, आणि ते साहजिक आहे. मी मात्र त्यांना बदलीची, म्हणजे एक जण भिंतीला टेकतो आणि पुढचा सुटतो त्या क्षणाची, चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली. बंदुकीच्या आवाजावर सुटणारा चांगला पोहणारा ब्लॉक सोडायला सहा-सात दशांश सेकंद घेतो. रिलेमध्ये येणाऱ्या सहकाऱ्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत, पण त्याचे शरीर आधीच पुढे झुकलेले आणि गतीत असू शकते. त्यामुळे बदली नीट साधली तर हा वेळ एक-दोन दशांशांवर येतो. तीन बदल्यांत मिळून दीड सेकंदाच्या आसपास वेळ वाचतो, आणि तोही कुणी जराही वेगाने न पोहता.

तेव्हा या महिन्यापासून दर शुक्रवारी अर्धा तास फक्त बदल्या. येणाऱ्याने शेवटच्या पाच मीटरमध्ये, म्हणजे वरच्या पताकांच्या खालून पुढे, वेग बदलायचा नाही आणि डोके वर काढायचे नाही. निघणाऱ्याने त्याच्या हातांच्या लयीवरून अंदाज बांधायचा. कोण कोणाच्या मागे चांगला निघतो याची वही मी ठेवू लागले आहे. सरांनी ती चाळली आणि कर्णधाराच्या टिपणात एक वाक्य घालायला सांगितले: रिलेचा क्रम प्रशिक्षक ठरवतील, बदल्यांची वही कर्णधार ठेवेल.

२२ ऑगस्ट २०२४

सराव संपल्यावर मोठ्या मुलांचा गट थोडा वेळ मागे राहतो हे मला माहीत होते. ते तिथे काय करतात हे परवा पाहिले. पाण्याखालून एका दमात कोण किती लांब जातो याची पैज चालली होती. निघण्यापूर्वी प्रत्येक जण काठ धरून भराभरा, खोल असे वीस-पंचवीस श्वास घेत होता, कारण तसे केले की दम जास्त टिकतो असे एकाने कुठेतरी पाहिले होते.

दम जास्त टिकतो हे खरेच आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे, तर मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. भराभर श्वास सोडल्याने तो आधीच बाहेर टाकला जातो. ऑक्सिजनचा साठा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी पोहणाऱ्याला श्वासाची निकड जाणवण्यापूर्वीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि तो पाण्याखाली बेशुद्ध होतो. तो हातपाय मारत नाही, ओरडत नाही. काठावरच्याला वाटते, भिडू अजून पैज लढवतो आहे. असे अपघात चांगल्या, सरावलेल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही घडतात, कारण अस्वस्थता सहन करण्याची सवय त्यांनाच असते.

हे सगळे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. एक जण हसून म्हणाला, “अगं, तूही लहानपणी केलं असशील की.” तो माझ्याच वयाचा आहे, आम्ही एकाच बॅचमध्ये पोहायला शिकलो, आणि वेगाच्या बाबतीत तो क्लबमध्ये पहिल्या दोघांत आहे. त्याला मी ताई नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की पैज आत्ता थांबली नाही तर मी जीवरक्षकांना सांगून तलाव रिकामा करून घेईन आणि उद्या सरांच्या कानावर घालीन. आणि थांबली तरी सरांना सांगणार आहेच. तो बाहेर आला. बाकीचेही आले. तेव्हापासून आमचे बोलणे तुटक आहे, त्याला इलाज नाही.

सरांनी दुसऱ्या दिवशी ठरवून दिले: पाण्याखालचा सराव डाईव्ह आणि टर्ननंतरच्या पंधरा मीटरपुरताच असेल, तो त्यांच्या उपस्थितीतच होईल, आणि सुटण्यापूर्वी भराभर श्वास घेण्यास पूर्ण मनाई राहील. सूचनेचा फलक मोठ्या अक्षरांत लावला. टिपणात हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

१९ सप्टेंबर २०२४

विसर्जन परवा झाले. क्लबमधली निम्मी मोठी मुले ढोल-ताशा पथकांत आहेत, आणि आज सरावाला आलेल्यांचे तळहात फोडांनी भरलेले होते. क्लोरीनच्या पाण्यात असे हात घालण्यात शहाणपण नाही. दोन दिवस पायांचे फेरे आणि काठावरचे व्यायाम. पुढच्या वर्षी स्पर्धांचे वेळापत्रक पाहताना अनंत चतुर्दशीनंतरचे तीन दिवस रिकामे धरावेत, एवढी नोंद पुरे.

३० सप्टेंबर २०२४

शालेय स्पर्धांचा हंगाम चालू आहे. बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही अशी एक अडचण या काळात दर वर्षी येते. शालेय स्पर्धेत मूल क्लबचे नसते, शाळेचे असते. वर्षभर शुक्रवारी एकमेकांच्या हातांची लय पाठ केलेली चार मुले चार शाळांच्या टोप्या घालून एकमेकांविरुद्ध उभी राहतात. कुणाच्या शाळेत रिलेसाठी चार पोहणारे मिळत नाहीत म्हणून कबड्डीतला एखादा मुलगा घेऊन संघ पुरा केला जातो. शिवाय महानगरपालिकेचे क्षेत्र स्वतंत्र जिल्हा धरले जाते, त्यामुळे शहराच्या हद्दीबाहेर राहणारी आमची दोन मुले थेट विभागीय फेरीतच बाकीच्यांना भेटतात.

या महिन्यात कर्णधाराने काय करायचे, याचे उत्तर मला अजून पूर्ण सापडलेले नाही. इतके मात्र केले: सराव एकत्रच ठेवला, आणि कोणत्या शाळेने रिलेत कुणाला कुठे ठेवले याची चर्चा तलावावर करायची नाही असे ठरवले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती चर्चा अर्थातच होते. तिथे मी काहीही लिहीत नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

काल आंतरक्लब स्पर्धा होती. चौदा वर्षांखालील मुलांच्या ४ बाय ५० मीटर मेडले रिलेत आमचा संघ पहिला आला आणि बाद झाला.

घडले ते असे. मेडले रिलेत बॅक स्ट्रोक, ब्रेस्ट स्ट्रोक, बटरफ्लाय आणि शेवटी फ्री स्टाइल असा क्रम असतो. आमच्या तिन्ही बदल्या स्वच्छ झाल्या. शेवटच्या मुलाने भिंतीला हात लावला तेव्हा दोन संघ अजून पोहत होते. आमचा ब्रेस्ट स्ट्रोकवाला अकरा वर्षांचा आहे आणि आपला टप्पा संपवून तो काठावर उभा होता. आनंदाच्या भरात त्याने सरळ पाण्यात उडी मारली आणि जिंकलेल्याच्या गळ्यात पडला. सर्व संघांचे सर्व पोहणारे पोहोचेपर्यंत ज्याचा टप्पा चालू आहे त्याच्याखेरीज रिले संघातले कुणीही पाण्यात उतरले तर तो संघ बाद, असा नियम आहे. रेफरींनी हात वर केला. ते करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

पुढचा अर्धा तास दोन ठिकाणी चालला होता. काठावर पालक जमले होते. व्यवस्थापक काका अनामत भरून तक्रार द्यायला तयार होते, कारण उडीमुळे कुणाच्या लेनला धक्का लागला नव्हता. त्यांचे म्हणणे माणुसकीला धरून होते, पण नियमात अडथळा झाला की नाही याला जागाच नाही. मी त्यांना नियम वाचून दाखवला आणि म्हटले, “काका, तक्रार फेटाळली जाईल, आणि फेटाळल्याची घोषणा माइकवरून होईल. त्या मुलाचं नाव सगळ्या तलावाला पुन्हा एकदा ऐकू जाईल.” ते थांबले. सर दूर उभे होते, आणि मध्ये पडले नाहीत.

दुसरे ठिकाण कपडे बदलण्याच्या खोलीचे. तो मुलगा आत जाऊन बसला होता. मुलांच्या खोलीत मला जाता येत नाही, म्हणून मी रिलेतल्या बाकीच्या तिघांना बाहेर बाकावर बसवले आणि नियम काय आहे ते सांगितले. बॅक स्ट्रोकवाल्याने विचारले, “ताई, मग मेडल परत द्यायचं?” अजून मेडल मिळालेलेच नव्हते. मी म्हटले, मेडल मिळणार नाही, पण दुपारी फ्री स्टाइल रिले आहे आणि जेवायला अजून वेळ आहे, आत जाऊन त्याला घेऊन या. त्यांनी आत काय केले ते मला ठाऊक नाही. दहा मिनिटांनी चौघेही बाहेर आले आणि समोरच्या गाडीवर वडापाव खायला गेले.

दुपारच्या रिलेसाठी सरांनी मला विचारले, की ब्रेस्ट स्ट्रोकवाल्याच्या जागी राखीव मुलगा घ्यायचा का. फ्री स्टाइलमध्ये राखीव मुलगा किंचित वेगवान आहे, हे माझ्याच वहीत लिहिलेले होते. तरी मी तेच चौघे राहू द्यावेत असे सुचवले आणि त्यामागचे कारणही सांगितले. सरांनी ते मान्य केले. संघ चौथा आला. तो मुलगा आपला टप्पा पोहून बाहेर आला आणि शेवटचा स्पर्धक पोहोचेपर्यंत ब्लॉकमागचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. राखीव मुलाच्या आईने संध्याकाळी मला फोन करून स्पष्ट शब्दांत नाराजी कळवली. त्यांची नाराजी रास्त आहे, आणि पुढच्या स्पर्धेत त्यांच्या मुलाला पहिली संधी द्यायची हे मी सरांशी बोलून नक्की केले आहे.

१२ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीत हजेरीची वही नीट पाहिली. जूनपासून बारा ते चौदा वयाच्या मुली एकेक करून कमी झाल्या आहेत. याच वयाची मुले मात्र जवळजवळ सगळी टिकून आहेत. “क्लास वाढले” हे कारण वहीत लिहिलेले आहे, आणि क्लास मुलांचेही वाढले आहेतच. म्हणून मी तीन घरी गेले.

एका घरी आईने चहा पुढे ठेवता ठेवता सांगितले, की मुलगी फार काळी पडली आहे, नातेवाईक विचारतात. दुसऱ्या घरी आजींनी विषय टाळला, पण मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथे म्हणाली, की पाळीच्या दिवसांत काय करायचे ते तिला कळत नाही. सरांना काय सांगणार, म्हणून आधी चार दिवस बुडाले, मग आठवडा, आणि मग परत यायची लाज वाटू लागली. तिसरीचे म्हणणे असे, की काठावर पालकांसाठी ठेवलेल्या बाकांवर कोणीही येऊन बसते आणि फोन काढते.

या तिन्ही गोष्टींवर काहीतरी करण्यासारखे होते. मुलींचा गट पहाटेच्या पहिल्या बॅचला घेतला, म्हणजे ऊन चढण्याआधी सराव संपतो. काळे-गोरे या विषयावर माझे जे मत आहे ते मी त्या काकूंना ऐकवले नाही. मुलगी तलावावर येणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. पोशाखाबाबत सगळ्यांना स्पष्ट केले, की स्त्रियांचा पोशाख गुडघ्याखाली किंवा खांद्यापलीकडे जाऊ नये हा नियम स्पर्धेपुरता आहे. सरावाला पूर्ण पायांचा पोशाख घातला तरी कुणाची हरकत नाही. पाळीच्या दिवसांसाठी, जिला पाण्यात यायचे नाही तिने काठावर रबरी पट्ट्यांचा व्यायाम करायचा आणि तिची हजेरी पूर्ण लागेल, असे ठरले. पाण्यात यायचे असेल तर पॅडचा उपयोग नाही; इतर पर्याय कोणते, हे क्लबमधल्याच एका मुलीच्या डॉक्टर आईने रविवारी फक्त मुली आणि त्यांच्या आया यांना समजावून सांगितले. प्रश्न विचारणाऱ्यांत आयाच जास्त होत्या. बाके प्रवेशद्वाराकडे हलवली आणि तलावाच्या परिसरात छायाचित्रे काढण्यास मनाई केली. यावर कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली, कारण मुलांच्या शर्यती चित्रित करण्याची हौस तिथल्या काहींनाही आहे. स्पर्धेचे दिवस वगळून मनाई, अशी तडजोड झाली.

तिघींपैकी दोघी परत आल्या आहेत. तिसरीने बॅडमिंटन सुरू केले आहे आणि तिला ते आवडते आहे.

२४ डिसेंबर २०२४

स्पर्धेच्या तलावातले पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे असा नियम आहे. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे, पाणी तापवण्याची सोय नसलेल्या तलावात हा नियम वाचायलाच बरा. लहान मुलांचा सराव दुपारवर नेला आहे.

मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेसाठी आमचा छोटा गट जाऊन आला. समुद्रात काळी रेषा नसते, भिंत नसते आणि घड्याळही नसते. दर काही हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, शोधायचा, हे तलावात शिकवले होते. पण लाट नेमकी त्याच वेळी तोंडावर आली तर काय करायचे, हे तलाव शिकवू शकत नाही. आदल्या संध्याकाळी मुलांना उथळ पाण्यात नेले तेव्हा चौदा वर्षांच्या एका मुलाचा श्वास अडखळला. तलावात तो आमच्या चांगल्या पोहणाऱ्यांपैकी एक आहे. मी त्याच्या शेजारी पाठीवर तरंगत राहिले आणि त्यालाही तसेच तरंगायला लावले. लाट आपल्याला उचलते आणि खाली ठेवते, त्यात आपण काहीच करायचे नसते, हे त्याच्या अंगाला पटेपर्यंत आम्ही तिथेच होतो. सकाळी दंडावर क्रमांक लिहून घेताना तो गप्प होता. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावायला विसरलेले दोघे मिठाच्या पाण्याने सोलवटून निघाले. तो मुलगा विसरला नव्हता. त्याने शर्यत पूर्ण केली.

१७ फेब्रुवारी २०२५

बारावीची परीक्षा सुरू झाली आहे आणि दहावीची येत्या २१ तारखेपासून आहे. दहावीची मुले डिसेंबरपासूनच दिसत नाहीत. क्रीडा गुणांमुळे, जे जास्तीत जास्त २५ पर्यंत मिळू शकतात, बरेच पालक मुलाला नववीपर्यंत आणि दहावीच्या शालेय स्पर्धा होईपर्यंत पोहू देतात, आणि प्रमाणपत्र हाती आले की तलाव बंद होतो. गुणांच्या सवलतीला माझा विरोध नाही. त्या गुणांमुळेच काही घरांत पोहणे टिकले आहे. पण परीक्षेनंतर त्यांना परत आणणे हे कुणाचे तरी काम असले पाहिजे, आणि ते आजवर कुणाचेच नव्हते. प्रत्येकाला मी एकेक संदेश पाठवला आहे: परीक्षेसाठी शुभेच्छा, तुझी लेन राखून ठेवली आहे. उत्तराची अपेक्षा मार्चअखेरपर्यंत नाही.

ऑगस्टमध्ये जो पैज लावत होता, त्या मित्राने गेल्या शुक्रवारी बदल्यांचा सराव मी नसताना घेतला. वहीत त्याने लिहिलेल्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा बारकाईने केलेल्या आहेत.

८ एप्रिल २०२५

टिपणाचा मसुदा काल कार्यकारिणीपुढे ठेवला. त्यात नऊ कलमे होती. पाण्याखालच्या सरावावरचे निर्बंध सर्वांत वर राहिले. लेनमधल्या क्रमाची यादी, बदल्यांची वही, स्पर्धेपूर्वी प्रत्येक रिले संघाला पाण्यात उतरण्याचा नियम वाचून दाखवणे, सलग दोन आठवडे न आलेल्याच्या घरी फोन करणे आणि परीक्षेनंतरचा पाठपुरावा, ही कलमे फारशी चर्चा न होता मान्य झाली. कर्णधारपदासाठी वेगाची अट नसावी या कलमावर दोघांनी आक्षेप घेतला; झेंडा धरणारा विजेता असला की देणगीदारांना बरे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी झेंडा विजेत्याने धरावा आणि कर्णधार वेगळा असू शकेल, असे ठरले. थकलेल्या फीची वसुली कर्णधाराने करावी, हे दहावे कलम कार्यवाहांनी सुचवले. ज्या मुलाच्या घरी मी फीसाठी फोन करीन त्याच्याच घरी तो का येत नाही हे विचारायला मला पुन्हा जाता येणार नाही, असे मी सांगितले. ते कलम वगळले गेले.

उरला उन्हाळ्याचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये नवशिक्यांच्या बॅच भरतात आणि क्लबचा वर्षाचा खर्च बऱ्याच अंशी त्यांवरच निघतो, त्यामुळे सहापैकी चार लेन त्यांना हव्या होत्या. दोन लेनमध्ये सगळा स्पर्धक गट मावणे शक्य नाही. सर आणि मी मिळून वेळापत्रक मांडले: पहाटे पाच ते साडेसहा सहाही लेन स्पर्धकांना, त्यानंतर साडेनऊपर्यंत त्या शिकणाऱ्यांना, आणि मोठ्या स्पर्धकांपैकी दोघे रोज आळीपाळीने शिकणाऱ्यांच्या मदतीला. कार्यकारिणीने ते मंजूर केले. आंबेडकर जयंतीची सुट्टी झाली की १५ तारखेपासून ते लागू होईल. जीवरक्षकांनी पाचला येण्यास होकार दिला आहे, दिव्यांच्या दोन नळ्या बदलायच्या आहेत, आणि फाटकाची दुसरी किल्ली शनिवारपर्यंत करून घ्यायची आहे.